मारोतरावांच्या नावाचा वाकडा म

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसता तसे, मांडी घालून. एका नावासाठी रक्त कसे सांडले ते आज तुम्हाला सांगतो.

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. कारंज्याच्या बाजारात जिनदासभाऊंचे टायपिंगचे दुकान होते, तिथे मी अकरा वर्षे राबलो. खरेदीखते, कोर्टाचे अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सारे माझ्यातून गेले. "ठसा पाहा, मोत्यासारखा," असे गिऱ्हाईक म्हणाले की माझे लोखंडी अंग सुखावत असे.

भाऊ जैन, पण कीर्तनाचे वेडे. कामरगावचे मारोतराव कीर्तनाला उभे राहणार असे कळले की भाऊ एस.टी. पकडून पुढच्या ओळीत जाऊन बसत. मारोतराव शेतकरी, पदे स्वतः रचत. दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्यावर बोटे चालवताना तीच पदे गुणगुणत, म्हणून मलाही पाठ झाली.

पेरले ते तुझे, उगवले तुझे,
राखणीचे ओझे मारोतीले.

रचणाऱ्याचे नाव शेवटी येते, ही कीर्तनाची रीत. ते नाव आले की बुवा कपाळाला हात लावतात आणि टाळकरी क्षणभर थबकतात. देवाच्या दारात माणसाने टेकवलेले ते डोकेच असते म्हणा ना!

१९७४च्या उन्हाळ्यात कापसाचे व्यापारी नथमलशेठ यांचा मुलगा देवेंद्रकुमार एम.ए.चा प्रबंध टाइप करायला घेऊन आला. विषय होता वऱ्हाडातली जुनी लोकगीते. मारोतरावांची पदांची वही त्याने पंधरा दिवसांसाठी मागून नेली होती. प्रबंधात तिच्यातली चोवीस पदे होती, पण मारोतराव कुठेच नव्हते. 'मारोतीले'च्या जागी 'माणसाले' होते आणि खाली लिहिले होते, 'कर्ता अज्ञात'.

भाऊंची बोटे माझ्यावर थांबली.

"देवेंद्र, हे तर मारोतरावाचं हाय. जित्ता मानूस अज्ञात काहून?"

"भाऊ, अज्ञात गीतं शोधली तर प्रबंधाले वजन येते. जित्त्याची वही उतरवली तर त्यात माहा शोध कोनता?"

"मंग विचार त्याले! छापलं नसलं तरी लिहिनाऱ्याचा हक्क असते, कायदाच हाय तसा. दोन ओळी घेतल्या तर खाली नाव टाकावं लागते. अख्खी वही घ्याची तर त्याची चिठ्ठी पायजे."

"गान्यावर कोनाची मालकी असते का? तुमी टाइप करा भाऊ, वकिली नका करू."

भाऊ भिडेला बळी पडले. ते खोटे माझ्याच अक्षरांनी कागदावर उमटले, मित्रांनो. ती लाज मला आजही आहे.

प्रबंध विद्यापीठात जाण्याआधीच देवेंद्रने ती पदे गावातल्या एका सभेत थाटात वाचून दाखवली. आठवड्याने कामरगावात मारोतरावांनी कीर्तनात 'मारोतीले' म्हणून कपाळाला हात लावला, तोच मागून कोणी ओरडले, "बुवा, लोकाईच्या गान्यात सोताचं नाव कायले घुसडता? कारंज्यात वाचलं कागदावरून, बिननावाचं हाय ते!" लोक हसले. काही उठून गेले. मारोतरावांनी चिपळ्या खाली ठेवल्या. कीर्तन अर्धेच राहिले.

हे सारे भाऊंनी डोळ्यांनी पाहिले. सकाळी दुकान उघडून ते मला पुसत होते आणि देवेंद्र तयार पाने चाळत होता. तेवढ्यात मारोतरावांचा मुलगा जगदेव आत शिरला. हातात बैलगाडीची उभारी, गाडीच्या कडेला उभे खोचतात ते हातभर लांब, जाड लाकूड.

"माह्या बापाले चोर ठरवलं तुनं!"

पहिला घाव देवेंद्रच्या मनगटावर, दुसरा तोंडावर. दोन दात 'कर्ता अज्ञात' या शब्दांवर येऊन पडले. आडव्या आलेल्या भाऊंना त्याने भिंतीवर आपटले. तिसरा घाव माझ्यावर. माझी घंटी तुटून रस्त्यावर घरंगळली, अक्षरांच्या दांड्या एकमेकींत घुसल्या, 'म'ची दांडी वाकली. चौथ्यासाठी उभारी उचलली गेली, तेव्हा मुलाच्या मागोमाग जीपने आलेले मारोतराव धावत आत आले आणि पडलेल्या देवेंद्रवर पाखर घालून उभे राहिले.

"जगदेवा, नको रे!"

खाली येणारे लाकूड थांबले नाही. बापाचा जबडा मोडला. तो आवाज माझ्या कोणत्याही कळीच्या आवाजासारखा नव्हता.

उभारी जगदेवच्या हातून गळाली. मारोतरावांनी बोट रक्ताळलेल्या पानावर, 'माणसाले' या शब्दावर ठेवले. देवेंद्र हुंदके देत म्हणाला, "लिहितो बुवा. तुमचंच नाव लिहितो."

जगदेव आठ महिन्यांसाठी तुरुंगात गेला. भाऊंनी मला दुरुस्त केले, पण 'म' सरळ झाला नाही. देवेंद्रने मारोतरावांच्या घरी जाऊन त्यांची लेखी परवानगी घेतली. सारी पाने पुन्हा टाइप झाली. प्रत्येक पदात 'मारोतीले' परत आले, खाली त्यांचे नाव आणि गाव आले, आणि प्रत्येक नावाचा 'म' ओळीच्या वर, वाकडा, मोडल्या जबड्यासारखा.

जबडा नीट सांधला नाही, म्हणून मारोतराव पुन्हा कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. दुसरे बुवा त्यांचे पद गात, तेव्हा ते खाली बसून ऐकत आणि आपल्याच नावाला कपाळी हात लावत.

आता मी माळ्यावर धूळ खात आहे. मित्रांनो, दुसऱ्याचे लिहिलेले घ्याल तर आधी विचारा आणि खाली त्याचे नाव लिहा. अन्याय झाला तर बोला, भांडा, पण लाकूड उचलू नका. मध्ये कोण येईल ते सांगता येत नाही. आणि ते पद कधी कानी पडले, तर शेवटच्या शब्दाला कपाळाला हात लावा. ज्यांना ते पुन्हा गाता आले नाही, त्या मारोतरावांची तेवढी आठवण ठेवा.