मागच्या सीटचा पट्टा

नवरा गेल्यावर शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने त्याची जुनी डिझेल गाडी विकून टाकली. आता कमी खर्चात चालणारी दुसरी घ्यायला ती दिराबरोबर शोरूममध्ये आली होती. दिराचा ओढा हायब्रिडकडे होता. "वहिनी, चार्जिंगची कटकट कशाला?"

आधी दोघांनी हायब्रिडच चालवून पाहिली. मागे कुणीच नव्हतं, तरी मागच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी टुंग टुंग वाजत राहिली. "सेन्सर बिघडला असेल," दोघं परतल्यावर विक्रेता ओशाळून म्हणाला आणि त्याने इलेक्ट्रिक गाडीची चावी दिली.

रस्त्याला लागताच तीही तशीच वाजू लागली. दिराचा चेहरा पांढराफटक पडला.

इंजिनाची घरघर नसल्यामुळे तिला आता मागून आणखी काहीतरी ऐकू येत होतं. शिट्टीसारखा बारीक सूर असलेला, दम्याचा जड श्वास. तो तिने संसारभर उशाशी ऐकला होता. तिने गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावला. टुंगटुंग थांबली. पट्टा मात्र सीटला टेकला नाही. कुणाच्या तरी पोटावरून जावा तसा तो फुगून राहिला आणि संथपणे वरखाली होऊ लागला.

"व... वहिनी, हायब्रिडच घेऊ या," दीर कसाबसा म्हणाला.

"नको भाऊजी," पट्ट्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "तिच्या आवाजात ह्यांचा श्वास ऐकू येत नाही. हीच घेऊ."