लॅपटॉपने दिलेला कौल

दुपारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्याच्या दोन वळणांपर्यंत उतरला होता. आत बैठकीच्या खोलीत साठेक माणसं एका जुन्या लॅपटॉपकडे डोळे लावून बसली होती.

पडद्यावर माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे बोलत होते. बागकामाचे जाणकार. दर रविवारी टीव्हीवर झाडांचे आजार आणि उपाय सांगत. घरच्यांनी त्यांचे सगळे कार्यक्रम लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवले होते. चार महिन्यांपूर्वी ते वारले.

कार्यक्रम संपला, बातम्या लागल्या. बातम्या देणारी बाई बोलू लागली, पण मानेवर चेहरा सासऱ्यांचाच! तिचे ओठ हलत तशी त्यांची हनुवटी ताणली जाई, मिशी गालावर ओघळे. खोलीत एकच किंकाळी उठली.

"गेले नाहीत ते!" मौनीबाबा गरजले. "घरातच आहेत! यंत्रात अडकलेत!"

हा चेहरा दिसल्यावर घरच्यांनी बोलावून आणलेले हे बाबा. नाव मौनीबाबा, पण तोंडाचा पट्टा असा की रेडिओने लाजावं. "सूक्ष्म देहाला वीज लागते, वीज कुठे असते? यंत्रात! मी सांगत नाही, विज्ञान सांगतं!" कुठलं विज्ञान, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग त्यांनी लॅपटॉपच्या डाव्या कडेवर हात ठेवला आणि कालच्यासारखंच माझ्या बहिणीला पुन्हा समोर उभं केलं. "आत्म्या, ही सून तुला नकोशी असेल तर डोळे मिट!"

पडदा काळा झाला. हात उचलला, तसा उजळला.

मी मागे भिंतीला टेकून हे पाहत होते. आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला होता. "ताई, मला घर सोडायला सांगितलंय."

"कुणी?"

"लॅपटॉपने," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तीन दिवसांत सुनेने घर सोडायचं आणि बैठकीची खोली बाबांच्या ध्यानासाठी कायमची मोकळी करायची, असा कौल होता. बहिणीचा नवरा दारात उभा राहून नखं कुरतडत होता. बायकोची बाजू घ्यावी तर वडिलांचा आत्मा रागावणार!

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. चौदा वर्षं हेच करते. तो चेहरा पाहिला तेव्हाच रोग ओळखला होता. पण बाबांनी वळून एका म्हातारीला सांगितलं, "गोळ्या बंद करा. औषध म्हणजे अविश्वास," आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

हेच वाक्य मी सतरा वर्षांची असताना ऐकलं होतं. तेव्हा दाढी काळी होती आणि नाव वेगळं. आमच्या आईला मधुमेह होता. या माणसाने तिची इंजेक्शनं तिच्याच हाताने कचऱ्यात टाकायला लावली. नवव्या दिवशी आई गेली. आम्ही तक्रार द्यायला निघालो तोवर तो गाव सोडून पसार झाला होता.

बहिणीला बाजूला घेऊन मला कानात सगळं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मला तो माणूस सगळ्यांदेखत उघडा पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून, मान खाली घालून गेले. हातात स्टीलची ताटली, तिच्यात लॅपटॉपचे मूठभर बारीक स्क्रू.

"बाबा, धंद्याला बरकत नाही. या स्क्रूंवर हात ठेवून आशीर्वाद द्या."

"श्रद्धा पाहा!" बाबा गर्दीकडे बघून म्हणाले. खुशीत उजवा हात ताटलीवर दाबला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि हात उचलला.

बोटातल्या जाडजूड अंगठीला पंचवीस-तीस स्क्रू लटकत होते. जणू मधमाश्यांचं पोळं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी फिस्सकन हसली. बाबांनी हात झटकला. स्क्रू पडेनात.

"ही ऊर्जा आहे! ब्रह्मांडाची—"

"लोहचुंबक आहे," मी म्हटलं. "अंगठी काढून ठेवा आणि आत्म्याला पुन्हा विचारा."

"गुरूंची अंगठी उतरत नाही!"

"मग मी विचारते." जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक मी सगळ्यांना दाखवला आणि लॅपटॉपच्या त्याच कडेवर धरला. "आत्म्या, हा बाबा लबाड असेल तर डोळे मिट!"

पडदा काळा. चुंबक उचलला, पडदा उजळला. तीनदा विचारलं, तीनदा आत्म्याने होकार दिला. तिसऱ्या वेळी अख्खी खोली हसली. मी हसले नाही. मी बाबांच्या कपाळावरचा घाम बघत होते.

"झाकण मिटलं की लॅपटॉपचा पडदा विझतो ना? कसं कळतं त्याला?" मी सांगितलं. "झाकणात छोटा चुंबक असतो आणि या कडेखाली तो ओळखणारा सेन्सर. बाहेरून चुंबक आणला की लॅपटॉपला वाटतं, झाकण मिटलं."

"आणि यांचा चेहरा?" बहिणीच्या सासूबाईंनी विचारलं. "तो तर मी बाबा यायच्या आधी पाहिला होता गं."

"काकू, व्हिडिओत प्रत्येक क्षणाचं पूर्ण चित्र साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र, मध्ये फक्त काय हललं त्याची नोंद. बातम्यांचं पहिलं पूर्ण चित्र सिग्नल तुटल्यामुळे रेकॉर्डच झालं नाही. लॅपटॉपकडे काकांचंच चित्र शिल्लक होतं. हालचाल बाईंची आली, ती त्याने काकांच्या चेहऱ्यावर चढवली. थोडं पुढे गेलं की नवं पूर्ण चित्र येतं आणि चेहरा जातो. बाबा दर वेळी त्याच्या आधीच थांबवतात."

मी व्हिडिओ बारा सेकंद पुढे नेला. बातम्या देणाऱ्या बाई आपल्या स्वतःच्या चेहऱ्याने बोलत होत्या. मग दुकानात मुद्दाम अँटेनाची वायर हलवून रेकॉर्ड केलेला तुकडा लावला. त्यात हवामान सांगणाऱ्या गृहस्थांच्या खांद्यांवर जाहिरातीतल्या कुत्र्याचं तोंड होतं.

"बोला बाबा, हा कुणाचा आत्मा?"

बाबा उठले. मी दार अडवलं.

"ओळखलंत मला? आमची आई. नदीपलीकडच्या वस्तीतली. इंजेक्शनं टाकायला लावलीत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. खरंच आठवायचा प्रयत्न केला असावा. "बाई, माझ्याकडे किती जण येतात..."

इतकी वर्षं मी त्या माणसाचा चेहरा उराशी धरून जगले होते आणि त्याला माझी आई आठवतही नव्हती! हात उचलावासा वाटला. उचलला नाही. पोलिसांना फोन मी जिना चढण्याआधीच केला होता.

ते आले तेव्हा अंगठीला अजून दोन स्क्रू चिकटलेले होते. बाबांना चपलांचा ढीग तुडवत, अनवाणी, खाली नेलं. कालपर्यंत पाया पडणारे कठड्यावरून शिव्या घालत होते. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. गाडीचं दार लागेपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

तक्रारीवर पहिली सही काकूंनी केली. मग त्या सुनेजवळ गेल्या. "यंत्राचं ऐकलं, तुझं नाही ऐकलं. चुकलंच माझं."

"यंत्र काही बोललंच नव्हतं, आई," बहीण म्हणाली. नवऱ्याशी मात्र ती पुढचे आठ दिवस बोलली नाही. बरंच केलं.

हा सूड पुरता झाला असं मी म्हणणार नाही. माझी आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, ती साध्या इंजेक्शनाने जगली असती. त्या दिवशी आमच्या घरातल्या एकानेही "का?" असं विचारलं नाही. मीही नाही. म्हणून सांगते. व्हिडिओ अडकला तर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. साखर वाढली तर डॉक्टरकडे जा. माणूस गेला तर पोटभर रडा. आणि या तिन्हींवर एकच उपाय सांगणारा कुणी दारात आला, तर आत घेण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. खरा असेल तर उत्तरं देईल.