सतराव्या खणातली उलटी कार्डं

मी एक जुना लाकडी खण आहे, मित्रांनो. दवाखान्याच्या तळमजल्यावर चाळीस खणांचं कपाट आहे ना, त्यातला सतरावा. पितळी कडी, कडेला उडालेला एक टवका आणि पोटात तीनशे रुग्णांची कार्डं, एवढीच माझी इस्टेट. रोज सकाळी मी आपोआप उघडतो. लोक म्हणतात, फरशीला उतार आहे. म्हणू देत बापडे.

मी नवाकोरा होतो तेव्हा आमचे कार्डकाका काका नव्हते. नुकतं मिसरूड फुटलेले कारकून होते. त्याच वर्षी एक आई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तापाचं इंजेक्शन दिलं आणि मुलीचा श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले. डॉक्टरीणबाईंनी शर्थ करून तिला वाचवलं. पण हे लिहायचं कुठं? कार्डावर तसा रकानाच नव्हता. बाईंनी ते मागच्या बाजूला लिहिलं आणि काकांनी ते कार्ड माझ्यात उलटं उभं केलं, डोकं खाली, पाय वर.

"उलटं कार्ड आलं की मागची बाजू वाचायची, मगच सुई उचलायची," काका म्हणाले.

"ठरलं," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर ते ठरलं. कागदावर कधीच आलं नाही. घरी जाताना त्या चिमुरडीनं मला जोरात ढकललं आणि माझ्या कडेनं तिच्या अंगठ्याला खोल कापलं. "खण चावला," म्हणून तिनं भोकाड पसरलं. मला अजून वाईट वाटतं.

पुढे चाळीस वर्षांत माझ्यात अकरा कार्डं उलटी झाली. त्यातलं एकही माणूस चुकीच्या सुईनं गेलं नाही. पाहुणे आले की डॉक्टरीणबाई माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "हा खरा डॉक्टर." मीही मग उगाच ताठ व्हायचो.

मग बाई गेल्या, काका निवृत्त झाले आणि मोठी संगणक-यंत्रणा आली. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी नाक मुरडलं, पण खरं सांगतो, ती चांगली होती. तिच्यात वावड्यासाठी, म्हणजे कुणाला कुठलं औषध चालत नाही त्यासाठी, वेगळा रकानाही होता. निरोपाच्या दिवशी काका संगणकवाल्या साहेबांना म्हणाले होते, "खणांबद्दल एक सांगायचं होतं." साहेब प्रेमानं म्हणाले, "काका, आता आराम करा. सगळं यंत्रात येणारच आहे." काकाही भिडस्त. पिशवी उचलून निघाले.

कार्डं उतरवायला दोन मुली आल्या. कामाला वाघ होत्या. दिवसाला दोनशे कार्डं उरकायची, म्हणून फक्त पुढची बाजू टाइप करायची असं ठरलेलं. वावड्याचा रकाना आला तेव्हा एकीनं विचारलं, "साहेब, इथं काय टाकू? कार्डावर काहीच नाही."

"मग 'नाही' टाका. रिकामं ठेवलं तर ते पुढं सरकत नाही."

दुसरीनं माझ्यातली उलटी कार्डं पाहिली. "बाई गं, काय हा पसारा," म्हणाली, आणि अकराही कार्डं एकेक करून सरळ लावली. चांगल्या मनानं लावली. मी नुसता बघत राहिलो.

तीन आठवड्यांनी शिवणकाम करणारी एक बाई जिन्यावरून पडून बेशुद्ध अवस्थेत आली. पडद्यावर ठसठशीत होतं, वावडं नाही. सुई दिली. बाई उठली नाही.

"आईला ते चालत नाही, हे तुमच्याकडे होतं ना?" तिची लेक विचारत होती.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून काका धापा टाकत आले. मला बाहेर ओढलं आणि तसेच खाली बसले. "सगळी सरळ?" एवढंच बोलले. साहेबांचाही चेहरा उतरला. त्यांनी काकांना खुर्ची दिली, शेजारी बसून कार्डं काढली. काकांना सात नावं आठवली, ती साहेबांनी तिथल्या तिथं यंत्रात चढवली. एक बाई तर गेलीच. उरली तीन. जुन्या कार्डांच्या मागं बहुतेकांच्याच काही ना काही खरडलेलं आहे आणि ती शाई ओलीनं पार फिसकटली आहे, त्यामुळे ती तीन कुठली ते कळत नाही. काका दर गुरुवारी येतात, भिंगातून तेच डाग पुन्हा पुन्हा बघतात आणि हात हलवत परत जातात.

ती तीन कार्डं मला पाठ आहेत. म्हणून मी रोज उघडतो. आणि रोज सफाईवाल्या मावशी मला ढकलून बंद करतात. त्यांच्या अंगठ्यावर कापल्याची जुनी खूण आहे. माझ्यातलं कार्ड त्यांच्या माहेरच्या नावाचं आहे. सासरच्या नावाचं नवं पान यंत्रात आहे, तिथं 'नाही' लिहिलंय. पाच वर्षांची असतानाचं त्यांना काय आठवणार, आणि सांगायला आई राहिली नाही.

मित्रांनो, नवं यंत्र जरूर आणा. पण जुनं काही वेडंवाकडं दिसलं, तर सरळ करण्याआधी ते तसं का ठेवलंय, हे ठेवणाऱ्याला विचारा.

आज बुधवार. मावशींचं अंग तापलंय. "झाडून झालं की वर जाऊन एक सुई घेऊन येते," असं आत्ताच पहारेकऱ्याला म्हणाल्या. मी आज पुरता उघडलोय, अगदी पडायच्या बेतात. "मेल्या, तुला रोज काय होतं रे?" त्या हसून म्हणतात आणि हात पुढं करतात.

मावशी, आज ढकलू नका.