तीन पेरांचा अंगठा

"सिस्टर वसीला, हा बघा आमच्या घराण्याचा अंगठा!" झोहराखालांनी थोरल्या नातीचा, अमालचा, हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. "कुस्कुसचे दाणे वळायला असाच लागतो. माझ्या आईचा, माझा, माझ्या लेकाचा आणि हिचा. सुनेच्या घरून मात्र नासकं रक्त आलं."

सून हाजर रक्त चढत असलेल्या धाकट्या लेकीचा, नेसरीनचा, हात धरून बसली होती. नऊ वर्षं ती हेच ऐकत आली होती.

त्या दोन्ही अंगठ्यांना तीन-तीन पेरं होती. अंगठ्याला एरवी दोनच असतात.

पुढच्या आठवड्यात अमालची अस्थिमज्जा नेसरीनला द्यायची होती. सगळं जुळलं होतं. स्फाक्स शहरातल्या या वॉर्डात माझी तीस वर्षं गेली. असा अंगठा मी दोनदाच पाहिलेला, दोन्ही वेळा नेसरीनच्याच आजाराच्या, रक्त न बनणाऱ्या मुलांचा. नेसरीनचे अंगठे सरळ, दोन पेरांचे, म्हणून इतरांचे कुणी पाहिलेच नव्हते. अमालचं रक्त मी तीनदा काढलं आणि तीनदा फक्त शीर पाहिली. त्याची लाज मला अजून वाटते.

मी डॉक्टरांना सांगितलं. तारीख पुढे गेली, अमालची नवी तपासणी झाली. मग डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं.

"पेशीत प्रथिनं घडवणारे बारीक कारखाने असतात. त्या कारखान्याचा एक भाग, तोही प्रथिनाचाच, नेसरीनच्या शरीरात निम्माच बनतो. म्हणून तांबड्या पेशी तयार होत नाहीत. अमालमध्येही तीच उणीव आहे. तिचं रक्त तरीही पुरेसं बनतं, पण तिची मज्जा आता देता येणार नाही."

"हे आलं कुठून?" खालांनी विचारलं.

डॉक्टर फाइल चाळू लागले. सुरुवात मी केली होती, तेव्हा मीच बोलले. "तुमच्याकडून, खाला. हा अंगठा त्याचीच खूण. तुमच्या लेकाकडे, तिथून पोरींकडे. यात कुणाचा गुन्हा नाही."

खालांनी हात ओढणीखाली घेतला. आता हाजर नऊ वर्षांचं उट्टं काढेल, असं मला वाटलं. ती नुसती रडली. तिची आशा गेली होती, बाकी कशाचं तिला काय?

उन्हाळा सरताना घरोघरी रव्याचं वर्षभराचं कुस्कुस वळतात. हाजरनं मलाही बोलावलं. अंगणात बायका वळत होत्या. खाला भिंतीशी बसलेल्या, हात ओढणीत.

हाजरनं परात त्यांच्यापुढे सरकवली. "उम्मी, माझे दाणे जाडे होतात. नेसरीन खात नाही."

"माझा हात चालेल तुला?"

"मला काय विचारता? नातीला विचारा."

दुसऱ्या दिवशी नेसरीनला पुन्हा रक्त चढवायचं होतं. ओठ पांढरे पडले होते. तिनं तळव्यावर ओला रवा घेतला. "आजी, शिकव ना."

बऱ्याच वेळानं तो हात ओढणीतून बाहेर आला.

"तुझा अंगठा सरळ आहे गं," खाला म्हणाल्या. "तुला वेळ लागेल."

"लागू दे."

हाजरनं मान वळवली आणि रव्यावर पाणी शिंपडलं.