पाण्याला कुठला रोग?

धावजी राठोडांच्या रोपवाटिकेतून संत्रं न खाता कुणी परत गेलंय, असं तांड्याला आठवत नव्हतं. तपासणीला आलेली मितालीही सुटली नाही. अंगणातल्या जुन्या झाडाचं संत्रं सोलून म्हाताऱ्याने तिच्या हातात कोंबलंच. त्याच झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे अंकुर, रोपांवर भरून त्यांची सून बबिता कलमं बांधायची, आणि आर्णीपासून नेरपर्यंतच्या बागांत ती कलमं जायची.

आज मात्र बबिताचा जीव टांगणीला लागला होता. भागात संत्र्यावर ग्रीनिंग रोग आल्याची कुणकुण होती; त्याला औषध नाही, झाड तोडावंच लागतं. रोग निघाला, तर या साली एकही कलम विकता येणार नव्हतं आणि उद्या तर गाडी भरायची होती. पूर्वी पानं दूरच्या प्रयोगशाळेत जायची. निकाल येईपर्यंत कलमं कुणाच्या तरी बागेत रुजलेलीही असायची. यवतमाळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मितालीला याचाच राग होता. त्या रागापायी तिने जेवणाच्या डब्याएवढं यंत्र बनवलं. गुलाबी थेंबात पानाचा अर्क टाकायचा, नळी डब्यात तापवायची. रोगाचा अंश असला तर थेंब पिवळा, नसला तर गुलाबीच. सगळं तिथल्या तिथे, बांधावर.

मितालीने पानं तोडून नळ्या लावल्या आणि अर्ध्या तासाने डबा उघडला. झाडून सगळ्या नळ्या पिवळ्याधमक!

"सगळंच गेलं काय, मॅडम?"

मितालीने कडेची नळी उचलून उन्हात धरली. "यात पान नाहीच, ताई. नुसतं पाणी आहे. पाण्याला कुठला रोग?" मग तिने हातमोजा नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारून घेतला. "संत्रं! आंबट रसानेही हा थेंब पिवळा होतो. हात न धुताच मोजे चढवले मी. चूक माझी. हा निकाल रद्द."

"आमचं संत्रं तुमच्या मशीनले भारी पडलं!" धावजींना कोण आनंद झाला.

मितालीही हसली. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नवे मोजे चढवले, नव्या नळ्या काढल्या. या खेपेला पानं धावजींनीच तोडून दिली.

पुन्हा डबा उघडला. पाणी गुलाबी. कुंपणाच्या लिंबाचं पान गुलाबी. जुन्या झाडाचं पिवळं, आणि त्याच्यापासून बांधलेल्या कलमांचंही पिवळं.

"आताही हातच खराब असन," धावजी चिडले. "झाड फळायनं कसं लदलं हाय, पाहा! रोगी दिसते काय?"

"शंका असेल तर यवतमाळला पक्कं करून घेऊ, बाबा," मिताली हळूच म्हणाली. "आठवडा लागेल."

आठवडा! तेवढ्यात गाडी भरून गेलीही असती, आणि बबिताला कुणी बोल लावला नसता. क्षणभर तिचं मन डळमळलं, नाही असं नाही. पण समोरच्या पोरीकडे पाहून तिला मनापासून कौतुक वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

"बापू, ती पाण्याची नळी कायले हाय, हे आपल्याले मालूम होतं काय? गुपचूप खिशात टाकली असती, तं कोन इचारलं असतं? सोताच्या मशीनले जिनं आपल्या तोंडावर खोटं म्हटलं, तिचं खरं काहून नाही मानाचं? हे कलमं मी कोनाच्या बागेत नाही धाडत."

धावजी उठून झाडाखाली गेले. खोडावर हात ठेवून उभे राहिले. बबिताने घरातून कुऱ्हाड आणली, तशी त्यांनी ती तिच्या हातून काढून घेतली.

"तू नोको," ते म्हणाले. "लावलं मी हाय."