डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह

बायकोपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना कानसेन म्हणत. धंदा पियानो जुळवण्याचा, म्हणजे पोट कानांवर चालायचं. आणि त्यातला डावा कान आता दगा देतोय, ही भीती गेले काही महिने त्यांच्या मनात ठाण मांडून बसली होती.

संध्याकाळी घरी रेकॉर्ड लावली की डावीकडचा आवाज उशीखालून आल्यासारखा यायचा. वडिलांचा डावा कान याच वयात गेला होता. मग ते सगळ्यालाच 'हो हो' म्हणायला लागले आणि घरात कुणी त्यांना काही सांगेनासं झालं.

डॉक्टरकडे जायची छाती होईना. त्यापेक्षा व्हॉल्व्हवर खापर फोडणं सोपं होतं. त्यांचा प्रीअँप्लिफायर, म्हणजे रेकॉर्डचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, जुन्या घडणीचा, दिव्यासारख्या काचेच्या दोन व्हॉल्व्हचा; एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्या. नवी जोडी आणली की काम फत्ते. पण जोडी काही ठरेना. ही मऊ वाजते, ती स्वच्छ, तिसरीची काच टिचकी मारली की गुणगुणते. मुलीसाठी स्थळं बघणारा बापसुद्धा इतकी नाकं मुरडत नसेल. निवड चालू आहे तोवर दोष व्हॉल्व्हचाच, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

शेवटी दुकानदाराने त्यांचे जुने व्हॉल्व्ह मागवून घेतले आणि तपासणीच्या यंत्रावर लावले. दोन्ही वेळा काटा एकाच जागी जाऊन थांबला. दोन्ही ठणठणीत आहेत, बदलायचं कारण नाही, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. गिऱ्हाइकाचा चेहरा का उतरला हे त्याला समजलं नाही. कानसेनांनी तरीही स्वच्छ वाजणारी जोडी बांधून घेतली.

घरी आल्या आल्या त्यांनी ती बसवली, काचेत तांबूस उजेड येईपर्यंत थांबले आणि रेकॉर्ड लावली. उजवीकडे सूर लखलखीत. डावीकडे तीच उशी.

ते खुर्चीत मटकन बसले. खुर्ची बायकोच्या पार्लरमधली, जुनी झाली म्हणून घरी आणलेली, फिरती. बायको बाहेर जायला तयार होत होती. बेडरूममध्ये उजेड नाही म्हणून तिने आरसा हॉलमध्ये, स्पीकरच्या वर टांगला होता. आरशातूनच तिला त्यांचा चेहरा दिसला आणि तिने कंगवा खाली ठेवला.

"काय झालं?"

"डावा कान गेला माझा," कानसेन म्हणाले. "बाबांसारखाच."

रस्त्याने चालताना हा माणूस हल्ली बाजू बदलून तिला उजवीकडे का घेतो, याचा तिने भलताच अर्थ लावला होता. आपल्यावर कशाचा तरी राग आहे, असं तिला वाटत होतं. तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. मग ती त्यांच्या मागे गेली आणि गिऱ्हाइकाला फिरवावं तशी तिने खुर्ची गर्रकन फिरवली. आता स्पीकर त्यांच्या पाठीशी होते.

"आता सांगा. उशी कुठल्या कानात?"

कानसेनांनी डोळे मिटले. डाव्या कानात सूर लखलखीत येत होते. मंद आवाज उजवीकडे गेला होता.

"उजव्या," ते म्हणाले. "अगं, उजव्या कानात."

एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, असं त्यांनी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. ते उठून डाव्या स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या कापडावर त्यांनी बोट फिरवलं. कापड पापडासारखं कडक झालं होतं. त्यांनी वर पाहिलं. वर आरसा, आरशाखाली फळी, फळीवर हेअरस्प्रेचा डबा. रोज बाहेर पडताना ती केसांवर फवारायची, आणि केसांवर बसून उरलेलं सगळं खाली स्पीकरवर बसायचं.

त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. मग बायकोला हसू आवरेना, आणि कानसेन तर डोळे पुसत हसले. इतके महिने त्यांनी व्हॉल्व्हच्या सात पिढ्या धुंडाळल्या होत्या, आणि चोर घरातच केस विंचरत होता. कापड मी बदलून देते, ती म्हणाली, पण आरसा तिथेच राहील. कानसेनांनी मुकाट्याने स्पीकर सरकवायचं कबूल केलं.

दोघं बरोबरच बाहेर पडले. रस्त्यावर ती सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला गेली. कानसेनांनी तिला दंडाला धरून डावीकडे आणलं. थोडं चालल्यावर, रहदारीत कुणालाच ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ती काहीतरी बोलली.

"ऐकलं," कानसेन म्हणाले. "पुन्हा म्हण."