भांडणाचं कारण

संपादकबाईंचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि तपासनीसांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र जेमतेम सात ओळींचं. ‘तुमच्या गोष्टीचा शेवट वाचून मी चष्मा काढून ठेवला. पण चौदा हजार शब्द मासिकाला झेपत नाहीत आणि पुस्तकाला पुरत नाहीत. पाच हजारांत बसवाल का? जागा राखून ठेवते. होय किंवा नाही, एवढं कळवा.’ होय म्हणायची छाती नव्हती, नाही म्हणवत नव्हतं. पत्र तसंच टेबलाच्या खणात पडून राहिलं.

छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणून ते तपासनीस. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात जन्म गेला. स्वतःचं म्हणून एक अक्षर छापून आलं नव्हतं. आणि परवा वाचनालयात मासिक चाळताना दिसलं, की पुढचा अंक बाईंचा शेवटचा. मजकूर वीस तारखेपर्यंत. आज सोळा. राखलेली जागा बाईंबरोबरच जाणार होती.

काम त्यांनी केलं नव्हतं असं नाही. छापखान्यात मजकूर ओळीबाहेर गेला की एखादा शब्द गाळायचा आणि ओळ बसवायची, ही हाताची सवय. तेच त्यांनी गोष्टीला लावलं. ओळीओळीतून एकेक शब्द उपटला. अकरा महिन्यांत चौदा हजारांचे बारा हजार सातशे झाले. म्हशीचे केस भादरावेत तसं; म्हैस होती तेवढीच.

शेवटी दुपारी जेवणं झाल्यावर ते कागद घेऊन थोरल्या बहिणीसमोर बसले. ताई त्यांच्याकडेच राहायची, दिवसभर खिडकीशी बसून विणायची.

“वाचू का गं थोडं?”

“वाच की. नाहीतरी कान रिकामेच आहेत.”

गोष्ट दोन घड्याळजी भावांची. भांडण होऊन दुकानात मधोमध फळी ठोकलेली, वीस वर्षं अबोला. थोरला आजारी पडतो, तेव्हा धाकटा रोज त्याच्याही भागाचं दार उघडतो, घड्याळांना किल्ल्या देतो. थोरला बरा होऊन येतो, सगळी घड्याळं चालू दिसतात. तो फळीवर दोनदा टकटक करतो. संपलं.

वाचता वाचता तपासनीसांच्या कानाने एक गोष्ट टिपली. धाकटा भावाच्या दाराची कडी काढायला जातो, तिथे ताईच्या सुया थांबल्या. वडिलांच्या मृत्युपत्राचं प्रकरण आलं, तशा खटाखट सुटल्या. टकटक झाली तेव्हा पुन्हा गप्प.

“झालं?” ताईने मांडीवरची बाही उचलून धरली. “अरे देवा! ही कुणाची, माकडाची? तुझ्या त्या मृत्युपत्रात चार बोटं वाढली बघ. आता उसवा!”

“मृत्युपत्र कंटाळवाणं आहे?”

“तुझं तूच बघ. मी आपली विणत होते.”

“पण ते काढलं तर भांडण का झालं ते कसं कळणार? वाचक विचारेल.”

“मी विचारलं?”

तिने खरंच विचारलं नव्हतं.

“आणि खरं सांगू का? रागावू नकोस,” ताई टाके उसवत म्हणाली, “त्या मृत्युपत्राच्या चाळीस पानांत तू धाकट्याचं वकीलपत्र घेतलंयस. त्याने असं केलं, पण का केलं, बिचाऱ्याचा काय दोष! अरे, तो रोज उठून भावाची घड्याळं चालवतोय ना? मग कशाला त्याला शहाणपणाचं प्रशस्तिपत्र?”

हे मात्र त्यांना झोंबलं. धाकटे तेही होते, आणि ती चाळीस पानं त्यांना पोटच्या पोरासारखी होती. त्यांतच सगळ्यात जास्त मेहनत होती. ते उठून टेबलाशी जाऊन बसले. तासभर तीच पानं चाळत राहिले. लोक नावं ठेवतील, म्हणतील म्हाताऱ्याला कारणच सुचलं नाही. मग त्यांनी ती पानं गठ्ठ्यातून उचलून खाली जमिनीवर ठेवली, एकदम, विंचू झटकावा तशी.

राहिलेलं वाचलं. भोक पडलं होतं खरं. फळी कुठून आली ते कळेना. सतरा आणि अठरा हे दोन दिवस त्या एका भोकापायी गेले. एकोणीस तारखेला सकाळी वाक्य सापडलं: ‘फळी कुणी ठोकली, हे आता दोघांपैकी एकालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.’ थोरल्याच्या दवाखान्यातल्या दोन प्रसंगांचा एक केला. शब्द मोजले. पाच हजार दोनशे.

“दोनशे जास्त आहेत गं!”

“बाई काय फूटपट्टी घेऊन बसल्यात? पाठव मुकाट्याने. उद्या वीस.”

सोबतच्या पत्रात अकरा महिन्यांचा खुलासा करण्यासाठी त्यांनी कोरा कागद ओढला. डोळ्यांचं ऑपरेशन, घराची रंगरंगोटी, स्वभाव... पहिला परिच्छेद लिहूनही झाला. त्यांनी तो एकदा वाचला, कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: ‘होय. गोष्ट सोबत आहे. उशीर माझा.’

टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर टाकलं. “आजोबा, उद्या पोचायला हवं असेल तर जलद टपालाने जाऊ दे.”

“जाऊ दे,” तपासनीस म्हणाले, आणि पाकिटावर शिक्का बसेपर्यंत तिथून हलले नाहीत.